दावणीला बांधलेली रेसची गाडी

एके काळी आमच्या दावणीला चार बैल, एक घोडी आणि एक जपानी मोटरसायकल बांधलेली असायची. बांधलेली म्हणजे खरोखरच बांधलेली, कासऱ्याने, खुंट्याला. कारण तिला स्टँडच नव्हता. शर्यतीच्या गाडीला स्टँड देत नाहीत, ती उभी करायला बनवलेलीच नसते, हे मी आईला मोठ्या अभिमानाने सांगितलं. आई म्हणाली, "मंग काय निजवायची का तिला?" पुढे ती खरोखरच निजली, आणि तीही आईने वाळत घातलेल्या कुरडयांवर. मग आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जुना कासरा आणला, हँडलाला वेढा दिला आणि गाडी घोडीच्या शेजारच्या खुंट्याला आवळून टाकली. तिच्याखाली रोज थोडं ऑईल सांडायचं. पण त्या रांगेत सगळ्यांच्याच खाली काही ना काही सांडलेलं असायचं, त्यामुळे झाडलोट करताना आईने तिला कधी वेगळं मानलं नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. मी तेव्हा पिकअप चालवत होतो. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून पुण्याला न्यायचे आणि रिकामे घेऊन परत यायचं. एकदा पुण्याबाहेरच्या माळावर मोटरसायकलींची मातीतली शर्यत बघितली. लोकांनी मुद्दाम मातीचे उंचवटे केले होते, मुद्दाम पाणी सोडून चिखल केला होता, आणि त्यातून गाड्या उडवत होते. बघायला तिकीट होतं. मला हसू आलं. आमच्या पिंपरी पेंढारला हे सगळं फुकट होतं, आम्ही त्याला शेतरस्ता म्हणायचो. पण गाड्या हवेत गेल्या आणि माझं हसू थांबलं. मी तिथेच उभ्या उभ्या ठरवून टाकलं की आपण रेसर होणार. नंतर काय झालो ते सोडा.

गाडी मिळाली ती तिथल्याच एका जुन्या रेसरच्या गॅरेजात. वापरलेली होती, म्हणजे चांगलीच वापरलेली होती. तिच्याजवळ उभं राहून त्या माणसाने मला तिचा सगळा इतिहास ऐकवला. मातीतल्या शर्यती म्हणजे तेव्हा टू स्ट्रोकचं राज्य होतं. हलक्या, किरकिऱ्या, निळा धूर सोडणाऱ्या गाड्या. फोर स्ट्रोक म्हणजे दूधवाल्याची, ॲव्हरेज देणारी, असा सगळ्यांचा समज. ही फोर स्ट्रोक पहिल्यांदा मैदानात उतरली तेव्हा लोक हसले म्हणे. मग वळणातून बाहेर पडताना हिने जी ओढ दाखवली, ती बघून हसणारे गप्प बसले आणि पुढच्या वर्षी फोर स्ट्रोक शोधत फिरायला लागले. टाकीवरचा पोचा बंगलोरकडे उडी चुकली तेव्हाचा, पण पडूनही दुसरी आली. वाकवून सरळ केलेला फूटरेस्ट कोल्हापूरकडच्या एका मैदानातला. पुढच्या पाटीवरचा सतरा नंबर तर असा की तो बघूनच निम्मे लोक कच खायचे. ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे बोलणं मी कुठेतरी ऐकलंय. गाडी पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटांच्या मधे आडवी घालून परत निघालो आणि खेडच्या आसपास आठवलं: बेल्ह्याच्या बैलबाजारात. तिथला दलाल बैलाच्या पाठीवर हात ठेवून असंच बोलतो. पण तोवर गाडी माझी झाली होती.

आप्पांनी गाडी बघितली तीही बैलासारखीच. आधी लांबून, मग मागून, मग चहूबाजूंनी. टायरच्या जाड रबरी गुट्ट्यांवर अंगठा दाबून म्हणाले, "खूर चांगलं हाय." सीटची उंची बघून म्हणाले, "वशिंड लई वर हाय." टाकीवरच्या पोच्यावरून हात फिरवला आणि बैलाच्या अंगावर अशुभ भोवरा दिसल्यासारखं तोंड वाकडं केलं, "ह्यो भवरा वाईट." मग मुद्द्यावर आले. "कुणाच्या दावणीची?" मी गॅरेजवाल्याने सांगितलेलं सगळं, थोडं माझ्याकडचं घालून, ऐकवलं. बंगलोर, कोल्हापूर, हसणारे लोक, सतरा नंबर. आप्पांनी अगदी मन लावून ऐकलं. मला वाटलं, चला, पटलं. ते म्हणाले, "खानदानी जनावर कुणी इकतं का?"

गावाचे प्रश्न वेगळे होते. ॲव्हरेज किती देते? लाईट कुठाय? हॉर्न कुठाय? नंबर फक्त सतराच, पुढचा काय खाल्ला? एका मावशीने विचारलं की बायकोने बसायचं कुठं आणि साडीला जाळी का नाही. मी एकच उत्तर द्यायचो, "रेसची गाडी आहे." त्यावर एक जण अगदी कळवळून म्हणाला, "मंग रेस उतरवून घे की राव."

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे रेस म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीला शर्यत म्हणतात, नाहीतर बारी. रेस असते ती मोटरसायकलच्या उजव्या मुठीत. रेस दे, रेस सोड, गाडीची रेस चढलीय, रेस उतरव. रेस चढणं हा दम्यासारखा एक आजार आहे आणि त्यावर इलाज म्हणजे मिस्तऱ्याचा पाना. मी छाती काढून 'रेसची गाडी' म्हणत होतो आणि अर्धं गाव माझ्याकडे आजारी जनावर गळ्यात पडलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होतं.

मी ती रोज सकाळी चालू करायचो. किक मारणं हे एका माणसाचं काम नव्हतं, पण मी एकटाच होतो. चुकीच्या जागी किक मारली की ती उलटी लाथ मारायची आणि मी पोटरी धरून गव्हाणीवर बसायचो. घोडी मान वळवून माझ्याकडे बघायची. एकदा का चालू झाली की मात्र आवाज असा जाड, छातीत बसणारा यायचा की आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिनही लाजावं. माझं ते चाललेलं असताना आप्पा बैलांसाठी पेंडीची घमेली घेऊन यायचे. रोजचं हेच: आधी माझी ढबढब, लगेच पेंड. ह्यात काही विशेष आहे असं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. बैलांच्या आलं.

आता बैलांकडे येतो, कारण आप्पांचा सगळा जीव तिकडे होता. आमच्या भागात यात्रेला बैलगाडे पळतात. ज्या चढावर पळतात त्याला घाट म्हणतात. गाड्यात माणूस नसतो. मागे गाड्याला एक जोडी, तिच्यापुढे दुसरी जोडी, आणि सगळ्यांच्या पुढे मोकळी पळणारी घोडी, तिच्यावर एक जण. घोडी सुटली की बैल तिच्यामागे सुटतात आणि वर निशाणापर्यंत धावत जातात. ही झाली एक बारी. डोळ्यांत कुसळ जावं तेवढ्या वेळात संपते आणि माणसं त्यासाठी वर्षभर बैलांना स्वतःच्या पोरांपेक्षा चांगलं खाऊ घालतात. हे मी पोर म्हणून स्वानुभवाने सांगतो.

आमच्या पुढच्या जोडीतला डावा बैल होता त्याला सगळे म्हातारा म्हणायचे. पांढराशुभ्र, डोळे शहाणे, आणि स्वभाव आप्पांसारखा, म्हणजे कुणाचंही न ऐकणारा. आप्पांनी तो वासरू असताना आणला होता. त्या वर्षी त्याचे गुडघे धरायला लागले होते. आप्पांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, "ह्या यात्रेला म्हाताऱ्याची शेवटची बारी. मंग त्याला गोठ्यातून हलवायचा न्हाई." आप्पा सणासुदीला देवाला हात जोडायचे तेव्हाही त्यांचं एक लक्ष गोठ्याकडे असायचं. त्या चैत्रात त्यांना दुसरं काहीही नको होतं. एक बारी, म्हाताऱ्याची, आपल्या गावच्या घाटात, चारचौघांसमोर.

आणि यात्रा तोंडावर आलेली असताना घोडी पाटाच्या कडेला घसरली. पुढचा पाय सुजून हा एवढा झाला. डॉक्टर म्हणाले, पाय जाणार नाही, पण ह्या हंगामात पळवू नका. आप्पा त्या दिवशी जेवायलाही बसले नाहीत.

दुसऱ्याची घोडी मागून आणली. आमच्या चौघा बैलांनी तिच्याकडे असं बघितलं जसं आई माझ्याकडे बघायची. तालमीला सोडलं, ती पळाली, आणि हे चौघे तिथेच उभे राहून बांधावरचं गवत खायला लागले. आणखी एक घोडी आणली. पुन्हा तेच. घोडीशिवाय गाडा घाटात नेला तर बैल हलणार नाहीत, हसं होईल. आणि नेलाच नाही तर आमची बारी भावकीतल्या दुसऱ्या गाड्याला जाईल. आप्पा दोन्ही गोष्टी मनातल्या मनात उलटसुलट करत ओट्यावर बसून राहिले. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि दया आली की मला राग येतो. मी तणतणत उठलो, गाडी सोडली आणि किक मारून कांद्याच्या वावराकडे निघालो.

मागे काहीतरी मोडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर चारही बैल दावं तोडून माझ्यामागे येत होते. येत होते म्हणजे पळत येत होते, कान टवकारून, म्हातारा सगळ्यांत पुढे. दावणीचा एक खुंटा मातीसकट उपटून एकाच्या गळ्यात लोंबत होता. मी घाबरून रेस दिली. तेही वाढले. मी कांद्यातून उजवीकडे वळलो, तेही वळले. शेवटी मी बांधावर गाडी बंद केली आणि ती निजवून स्वतः बाभळीमागे गेलो. आवाज थांबला तसे बैल थांबले. चौघांनी गाडीला वास घेतला. त्यांना पेंड हवी होती.

आप्पा धापा टाकत आले. आधी बैलांच्या पायांवरून हात फिरवला, मग तुडवलेल्या कांद्याकडे बघितलं, मग गाडीकडे. मी शिव्यांची वाट बघत होतो. ते गाडीजवळ उकिडवे बसले आणि टाकीवरच्या त्या वाईट भोवऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आपली घोडी झाली."

त्यानंतर आम्ही रोज तालीम केली. बैल माझ्यामागे असे पळायचे की पूर्वी कधी घोडीमागे पळाले नसतील. आप्पा वरच्या टोकाला घमेलं घेऊन उभे असायचे, म्हणजे बैलांना कामाचा मोबदला जागेवर. प्रश्न होता तो यात्रा कमिटीचा. कमिटीत गाडामालक सगळे, पण घड्याळ मात्र पेंडीच्या दुकानदार शेटजींकडे असायचं. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, पण ते स्वतः माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचे, आणि घड्याळ त्यांच्याकडे असण्याचं कारण एवढंच की अख्ख्या गावात त्यांचाच गाडा नव्हता.

"घोडी ती घोडी," एक जण म्हणाला. "मोटारसायकल जनावर न्हाई."

"मंग पाय मोडलेली घोडी पळवायची का?" आप्पा म्हणाले.

"उद्या कुणी ट्रॅक्टर आणल."

"आण की. तुझं बैल ट्रॅक्टरमागं पळत्याल तर मी सोता गुलाल उधळतो."

बराच वेळ असंच चाललं. शेवटी सगळे शेटजींकडे बघायला लागले. शेटजी म्हणाले, "पुढं काय पळतंय ते मी कधी बघतच नाही. मी घड्याळ बघतो. बैलांनी निशाण ओलांडलं की बटण दाबतो." एकाने एवढीच अट घातली की घोडीला देतात तसा गाडीलाही हळद-कुंकवाचा मान द्यायचा, नाहीतर देव कोपेल. ती आम्ही आनंदाने मान्य केली.

यात्रेच्या आदल्या दिवशी मला टोमॅटो घेऊन पुण्याला जावं लागलं. जाताना मी आप्पांना बजावलं, गाडीला हात लावू नका. त्याचा अर्थ आप्पांनी असा घेतला की गाडीची सेवा करा. एवढा मानाचा दिवस, आणि गाडी धुतलेलीसुद्धा नाही. त्यांनी शेजाऱ्याचा टेम्पो काढला, गाडी त्यात घातली आणि थेट कळंबला नेली. कळंबला का, तर आमच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करणारा मिस्तरी तिथे होता आणि आप्पांचा जगात तेवढ्या एकाच मिस्तऱ्यावर विश्वास होता. मी यात्रेला परस्पर घाटातच पोचलो. गाडी धुऊनपुसून, गुलालाने माखून, हँडलाला झेंडूचा हार घालून उभी होती. उभी होती म्हणतोय, कारण तिला मिस्तऱ्याने स्टँडही बसवला होता. आप्पांनी नवा फेटा बांधला होता आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला रागावता येईना.

आमचा पुकारा झाला. माईकवरचा माणूस सकाळपासून ह्याच क्षणाची वाट बघत होता. "मंडळी, घाटाच्या इतिहासात पहिल्यांदाच. घोडी आली जपानची, चारा खाती पेट्रोलचा. लेकरं मागं घ्या, म्हातारी माणसं मागं घ्या." दोन्ही बाजूंच्या गर्दीने शिट्ट्यांचा कल्लोळ केला. म्हातारा मात्र शांत उभा होता, माझ्या गाडीच्या मागच्या टायरकडे बघत. आप्पा वर निशाणापाशी जाऊन थांबले होते. तिथून त्यांचा फेटा तेवढा दिसत होता.

किक मारली. चालू झाली, आणि बंद पडली. पुन्हा मारली. पुन्हा बंद. एरवी जो जाडजूड आवाज यायचा, त्याऐवजी घसा बसलेल्या माणसासारखं काहीतरी येत होतं. माईकवाला म्हणाला, "घोडीला सर्दी झालेली दिसती." तिसऱ्यांदा चालू झाली तेव्हा मी मूठ सोडलीच नाही, तशीच धरून पुढे निघालो. मागे आरोळी झाली, गाडा सुटला.

आणि मला कळलं की गाडी पळत नाहीये. मूठ पूर्ण पिळली होती, आणखी पिळायला जागा नव्हती, आणि ही आमच्या गावच्या पोस्टमनसारखी निवांत चढ चढत होती. बंगलोर, कोल्हापूर, वळणातली ओढ, काही नाही. मागून खुरांचा आवाज जवळ येत होता. मला मरणाची भीती वाटली, हे अगदी सरळ सांगतो. जुवाला जुंपलेले चार बैल मागून आले तर ते बाजूला होत नाहीत, ते वरून जातात. त्यांचा श्वास पाठीला लागतोय असं वाटलं तेव्हा मी हँडल डावीकडे फेकलं आणि गाडीसकट गर्दीत घुसलो. लोकांनी मला वरच्या वर झेललं, गाडीला मात्र कुणी झेललं नाही.

गाडी पडली आणि बंद झाली. आवाज संपला. आता बैल थांबणार, मला वाटलं. सगळ्या घाटाला वाटलं. तालमीत दर वेळी थांबायचे. पण म्हातारा थांबला नाही. त्याच्यापुढे आता ना घोडी होती, ना गाडी, नुसता मोकळा चढ होता आणि वरच्या टोकाला फेटा बांधलेला एक माणूस. तो मान खाली घालून असा सुटला की बाकीच्या तिघांना त्याच्यामागे जाण्यावाचून इलाज राहिला नाही. निशाण ओलांडून ते चौघे थेट आप्पांपाशी जाऊन उभे राहिले. आप्पांच्या हातात घमेलं नव्हतं. यात्रेच्या दिवशी पेंड घेऊन उभं राहणं त्यांना शोभलं नसतं. त्यांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले.

पहिला नंबर आमचा आला नाही. पण पहिला नंबर कुणाचा आला ते आज विचारा, कुणाला आठवत नाही. आमची बारी सगळ्यांना आठवते. संध्याकाळपर्यंत गोष्ट घाटातून गावात आणि गावातून पंचक्रोशीत गेली होती: जपानच्या रेसच्या गाडीला आप्पांच्या बैलांनी मागं टाकलं. आप्पा माझ्याजवळ आले ते सगळ्यांत शेवटी. मी ढोपर धुवत होतो. म्हणाले, "लागलं का?" मी म्हटलं, थोडं. ते म्हणाले, "बघितलंस ना? तुझी बंगलोरची खानदानी. म्हातारा बाजूनं गेला तिच्या." एवढा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर त्याआधी बघितला नव्हता, माझ्या जन्माच्या वेळचं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासली. मुठीपासून इंजिनाकडे जाणारी रेसची वायर इतकी ढिली होती की तिच्यावर आईने कपडे वाळत घातले असते. मी तसाच पिकअप घेऊन कळंबला गेलो. मिस्तरी इंजिन खोलून बसला होता.

"गाडीला काय केलंत?"

"सर्व्हिसिंग. आप्पा आलं व्हतं."

"वायर का ढिली केली?"

"आप्पाच म्हणलं की. मी इचारलं, तक्रार काय? तर म्हणलं, रेसची हाय. मी म्हणलं, किती? तर म्हणलं, लई. लई रेसची हाय." त्याने पाना खाली ठेवला. "मंग मी पण लईच उतरवली. आता ॲव्हरेज चांगलं देत आसल."

मी आधी चिडलो, मग त्याच्या दारातल्या टायरवर बसून पोट धरून हसलो. बंगलोर-कोल्हापूरचा सगळा पराक्रम दोन आट्यांत उतरला होता. पण घरी आलो आणि बघतो तर ओट्यावर दहापंधरा माणसं बसलेली, मध्ये आप्पा, हात वर करून सांगतायत म्हातारा कसा सुटला ते. त्यांच्या गोष्टीत माझी गाडी वाऱ्यासारखी पळत होती. ती जेवढी जोरात पळेल तेवढा म्हातारा मोठा होत होता. मी गोठ्यात गेलो, वायर ताणून पूर्ववत केली आणि कुणालाही काही सांगितलं नाही. त्यानंतर आप्पा ती गोष्ट सांगत राहिले, लग्नात, दशक्रियेला, दूध डेअरीच्या रांगेत, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवत राहिलो. "विचारा ह्याला, ह्याच्याच बुडाखाली व्हती." मी म्हणायचो, हो, फुल रेस होती.

माझं रेसर व्हायचं राहिलंच. लग्न झालं, पिकअप मोठी झाली, पोट मोठं झालं. म्हाताऱ्याला आप्पांनी शब्द दिला तसा गोठ्यातून हलवला नाही. तो तिथेच गेला आणि आम्ही त्याला बांधावरच्या आंब्याखाली पुरला. पुढे शर्यतींचं कोर्टात बंद-चालू सुरू झालं आणि दावण हळूहळू रिकामी झाली. शेवटी खुंट्याला गाडी तेवढी राहिली. एक दिवस शिनोलीचा एक तरणा मुलगा तिच्या चौकशीला आला. डोंगरातल्या वाटांवर चालवायची म्हणाला. मी काही बोलायच्या आत आप्पा काठी टेकत बाहेर आले. एका डोळ्याला दिसत नव्हतं, पण टाकीवर हात बरोबर पोचला.

"पावणं, ही साधी गाडी न्हाई," ते म्हणाले. मग सुरू झालं. टू स्ट्रोकचं राज्य. हसणारे लोक. पोचा बंगलोरचा, पडूनही दुसरी आली. फूटरेस्ट कोल्हापूरचा. मी एकदाच सांगितलेलं त्यांनी शब्दाला शब्द पाठ ठेवलं होतं, वर बेल्ह्याच्या बाजारात शोभेल असं पुष्कळ घातलं होतं. "सतरा नंबर बघितला की भले भले मागं सरायचे. उभ्या जन्मात एकदाच मागं राहिली. आमच्या म्हाताऱ्याच्या." मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता. सांगता सांगता आप्पा थांबले, मला बाजूला गोठ्याच्या भिंतीशी घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्याला देण्याआधी तेवढी रेसची वायर ताणून दे. मिस्तऱ्यानी ढिली केल्याली हाय. पोरगं डोंगरात आडकायचं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मिस्तऱ्यानीच. यात्रा झाली त्याच आठवड्यात. इंजिन घिऊन गेलो व्हतो."

"वायर मी दुसऱ्या दिवशीच ताणलीय, आप्पा."

आता ते माझ्याकडे बघायला लागले, दिसणाऱ्या डोळ्याने. "म्हंजी तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग येवढी वर्सं बोलला का न्हाईस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काही वेळ आंब्याच्या दिशेने बघितलं. मग खाकरले, फेटा सारखा केला आणि गाडीपाशी परत जाऊन टाकीवर हात ठेवला.

"तर काय सांगत व्हतो, पावणं," ते म्हणाले. "ही पुढं, फुल रेसमधी. आन् म्हातारा मागनं असा आला..."